मोटारीतल्या रेडिओची लाल बत्ती

माझ्या हातून आयुष्यात एकच वायरिंग अगदी बिनचूक झालं, आणि त्याच वायरिंगने एका भल्या माणसाची नोकरी खाल्ली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण सांगायची लाज वाटायची. आता वय झालं, लाजेचाही कंटाळा आला, म्हणून लिहितो.

लढाईची वर्षं होती. मी भोरच्या शाळेत शास्त्र शिकवत होतो. पुण्याला कॉलेजात असताना दोन वर्षं संध्याकाळी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचो, तेवढ्या भांडवलावर मी भोरात स्वतःला विजेचा मोठा जाणकार समजत असे. आणि गंमत म्हणजे लोकही समजत. कुणाची विजेरी लागेना, कुणाचा ग्रामोफोन अडकला, की म्हणायचे, मास्तरांकडे न्या. हे ऐकलं की मी उगाच गंभीर चेहरा करून चष्मा पुसायचो. स्वभाव तापट. माझ्या कामात कुणी शंका काढली की मी असा उखडायचो की समोरचा पुन्हा वाटेला जात नसे. मला ती माझी हुशारी वाटायची.

मार्गासनीच्या बाजूला एक सधन शेतकरी होते. भाताची भरपूर जमीन, शिवाय कोळशाचा व्यवहार. त्यांना सगळे मालक म्हणत, मीही तसंच म्हणतो. धरणाच्या कामावरच्या कुणा साहेबाची जुनी मोटार त्यांनी घेतली होती. पेट्रोलला कुपनं, त्यामुळे मोटार आठवड्यातून एकदा, बाजारच्या दिवशी नसरापूरला जायची आणि परत यायची. बाकीचे दिवस गोठ्याशेजारच्या छपरात गोणपाट पांघरून उभी. मालकांचा धाकटा भाऊ फौजेत होता, समुद्रापलीकडे. तो लढाई संपल्यावर धडधाकट परत आला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा उगाच त्याच्या काळजीत राहायचा. ही गोष्ट त्याची नाही.

भावाची खबर पत्राने दोन-दोन महिने यायची नाही. म्हणून मालकांनी पुण्यात एका गोऱ्या अंमलदाराकडून मोटारीत बसवायचा रेडिओ विकत आणला आणि मला निरोप धाडला. घरात वीज नव्हतीच. रेडिओ चालायचा तो मोटारीच्या बॅटरीवर. मुंबईच्या मराठी बातम्या ऐकायच्या, एवढीच मालकांची मागणी. आणि एकच अट घातली.

"मास्तर, बॅटरी उतरता कामा न्हाई. बाजारच्या दिशी गाडी उभी ऱ्हायली तर लोकं हसत्याली."

मी म्हणालो, "उतरली तर मला विचारा."

तसा तो रेडिओ बकासुर होता. मोटार चालू असताना डायनामो बॅटरीत भरणा करत असतो, तेव्हा चिंता नाही. पण मोटार उभी असताना तासभर लावला तर बॅटरी घटाघट प्यायचा. बटण फिरवून बंद करायला माणूस विसरला की संपलंच. म्हणून मी एक युक्ती केली. बॅटरीपासून जाड तार वेगळी घेतली, मध्ये फ्यूज घातला आणि स्टिअरिंगच्या चाकाजवळच्या फळीवर एक दणकट खटका बसवला. खटका वर केला की रेडिओकडची वाटच बंद. आणि खटका खाली राहिला तर माणसाच्या लक्षात यावं म्हणून त्याच्याशेजारी मोटारीच्या मागच्या दिव्यातला एक छोटा बल्ब बसवला, पुढे लाल काच. खटका खाली असेपर्यंत बत्ती जळणार. लाल बत्ती दिसली की समजायचं, विसरलात, बंद करा.

त्या बत्तीवर मी फार खूश होतो. घरातल्या सगळ्यांना छपरात बोलावून मी ती तीनदा लावून दाखवली. मालकांची आई पुढे आली. नऊवारीचा पदर सावरून वाकून बघत म्हणाली, "आन वाऱ्यानं?"

"वाऱ्याने काय?"

"वाऱ्यानं जाईल का?"

"आजी, हिला वाऱ्याचं काय? पाऊस पडो, वादळ येवो, ही जळत राहील." मी असा हसलो की सगळे हसले. मालकांचा ड्रायव्हर तेवढा हसला नाही. तो तारांची जोडणी टक लावून बघत उभा होता.

हा ड्रायव्हर वेल्ह्याकडचा, तिशीचा, पूर्वी प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर होता. अंगाने वाळकुडा, बोलायला कमी. मोटारीशेजारीच पडवीत झोपायचा. गावी त्याची बायको, दोन लेकरं आणि आंधळा बाप, आणि पोटापुरतीही नसलेली जमीन. मालकांची नोकरी हाच त्या घराचा आधार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

पहिल्या आठवड्याला बॅटरी उतरली.

मालकांचा निरोप आला तेव्हा माझा विश्वासच बसेना. सुट्टीच्या दिवशी सर्व्हिस मोटारीने नसरापूर, तिथून मालकांच्या बैलगाडीने मार्गासनी, असा हाडं खिळखिळी करत गेलो. बॅटरीच्या पाण्याची ताकद मोजायची काचेची नळी माझ्याकडे होती. नळीतलं तरंगणारं माप पार तळाला. खटका बघितला तर वर. बत्ती बंद. मी एकेक तार सोडवून, पुसून, नवी पट्टी गुंडाळून परत लावली. मीटर लावून पाहिलं, कुठेही एवढीसुद्धा गळती नाही. बॅटरी पुण्याला भरायला पाठवली.

ती भरून आली आणि आठ दिवसांत पुन्हा उतरली. बाजारच्या दिवशी मालकांना बैलगाडीतून नसरापूरला जावं लागलं, आणि ज्यांनी हसायचं ते हसले.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी संतापाने नुसता फणफणत होतो. पुन्हा दुपारभर मोटारीखाली लोळलो. पुन्हा सगळं चोख. मालक कमरेवर हात ठेवून उभे, बाजूला ड्रायव्हर, माझ्या हातात पाना आणि कपडे मातीने भरलेले. मालक म्हणाले, "मास्तर, मी सांजंला अर्धा घंटा बातम्या ऐकतो आन खटका वर करतो. देवाशप्पत. मग इतकं बॅटरीतलं जातं कुठं?"

मला त्या क्षणी एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती, ती म्हणजे माझं वायरिंग. मी म्हणालो, "तारांत दोष नाही हे मी लिहून देतो. तुमच्या मागे रात्री कुणीतरी खटका खाली करतंय. इथे रात्री कोण असतं ते तुम्ही बघा."

इथे रात्री कोण असतं हे बघायची काय गरज होती? पडवीत एकच वळकटी होती.

मालक ड्रायव्हरकडे वळले. "तू गाणी लावतोस रातच्याला?"

"न्हाई."

"मग कोन लावतं?"

तो गप्प. खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मी पाने पुसून पिशवीत भरत होतो. तो गप्प आहे याचाच मला आनंद झाला होता, कारण त्यातून माझं म्हणणं खरं ठरत होतं. हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात.

त्याच संध्याकाळी मालकांनी त्याला घालवला. वळकटी काखेत मारून तो वेल्ह्याच्या रस्त्याला लागला, हे मला मागाहून कळलं. कळल्यावर वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. जेवताना बायकोला मी रंगवून सांगितलं की चोर कसा पकडला. ती म्हणाली, "त्याने कबूल केलं का?" मी म्हणालो, "गप्प राहिला म्हणजे झालंच की." ती ताटात भात वाढून आत गेली.

बॅटरी पुन्हा भरून आली. मोटारीची किल्ली आता मालकांच्या कमरेला. छपरात रात्री कुणीही नाही. आणि नऊ दिवसांनी निरोप आला की बॅटरी उतरली.

मी तो निरोप शाळेच्या पायरीवर उभा राहून ऐकला. बॅटरी उतरल्याचं दुःख नव्हतं. ज्या माणसाला मी घालवलं तो तिथे नव्हता, तरी ती उतरली होती. मी वर्गात गेलो आणि फळ्यावर काय लिहायचं तेच सुचेना.

त्या वेळी मी पहिल्यांदाच शनिवारी निघालो आणि मुक्कामाला राहिलो. हे इतकं साधं होतं की आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. त्याआधी तिन्ही खेपा मी दुपारी जाऊन उजेडात परतलो होतो, परतीची गाडी चुकू नये म्हणून. नवी भरलेली बॅटरी मी जाताना पुण्याहून मागवून बरोबरच नेली होती. ती जोडली, सगळं तपासलं. संध्याकाळी मालक आले, अर्धा तास बातम्या ऐकल्या, माझ्यादेखत रेडिओचं बटण बंद करून खटका वर केला, बत्ती गेली, आणि ते हातपाय धुवायला निघून गेले. मी छपरातच कडब्याच्या ढिगावर बसून राहिलो.

अजून पुरता अंधार पडला नव्हता. घरात दिवेलागण चालली होती. मालकांची आई तुळशीपाशी पणती ठेवून छपराकडे आली. तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तिने मला पाहिलं, पण ती दचकली नाही, तिला लपवायचं काही नव्हतंच. मोटारीचं दार उघडलं, आत वाकली आणि सरावलेल्या हाताने खटका खाली केला. लाल बत्ती लागली. तिने फळीवर कुंकवाचं बोट टेकवलं, हात जोडले आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली.

मी तोंड उघडं टाकून बसलो होतो. इतके दिवस मी तारा बघत होतो, बॅटरीचं पाणी बघत होतो, आणि फळीवरचे कुंकवाचे लाल डाग मी दर खेपेला फडक्याने पुसून टाकले होते. मला वाटलं होतं, नवी वस्तू म्हणून पूजा केली असेल.

"आजी, हे रोज करता?"

"व्हय की. सांजंला लावती, सकाळी उन्हं आली की शांत करती."

"कशासाठी?"

"धाकल्यासाठी." ती मोटारीच्या पायरीवर टेकली. "तुळशीम्होरं त्याच्या नावानं पनती लावत व्हते, मास्तर. एक दिस वाऱ्यानं गेली. रातभर माजा जीव थाऱ्यावर न्हाई. त्याल बी मिळंना झालंय. मग तुमी ही आनलीत. तुमीच म्हनलात न्हवं, वाऱ्यानं जात न्हाई म्हून? आन लडाईचं सांगनारं यंत्र बी हितंच. मग म्हनलं, त्याचा दिवा हितंच लावावा."

बॅटरी रिकामी होऊ नये म्हणून मी जी बत्ती बसवली, तीच रात्र-रात्र जळून बॅटरी रिकामी करत होती. आणि घरातल्या पुरुषांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं, कारण दिवेलागणीला बायका कुठे कुठे दिवा ठेवतात याकडे कुणी लक्षच देत नाही. मालक जेवून झोपायचे. छपराकडे फिरकायचं कुणाला कारणच नव्हतं.

तरी मी शहाण्यासारखं गप्प बसलो असतो तर बरं. पण तोंडाला कधी लगाम नव्हता. मी जवळजवळ ओरडलोच, "आजी, याच बत्तीने बॅटरी संपते!"

तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "येवडीशी बत्ती. तिला त्याल न्हाई, वात न्हाई. ती काय खाती?"

शाळेत मी हा धडा दरवर्षी शिकवायचो. रासायनिक क्रिया, प्रवाह, सगळं. त्या बाईपुढे मला एक वाक्य धड जुळवता येईना. शेवटी म्हणालो, "पेटीत साठवलेलं असतं, ते ही रात्रभर थोडं थोडं खाते. आठ दिवसांत पेटी रिकामी."

तिने बत्तीकडे पाहिलं. मग म्हणाली, "डायवर म्हनला व्हता तसं."

"कधी?"

"पैल्याच आटवड्याला. म्हनला, आई, बत्ती ऱ्हायली की गाडी निगत न्हाई. मी म्हनलं, माज्या लेकाचा दिवा हाय, हात लावशील तर बग. मला वाटलं त्यो आपला कामचुकारपना करतुया. तवापासनं त्यानं हात लावला न्हाई." आणि मग तिच्या लक्षात येत गेलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर येताना मी बघितलं. "आन त्याला घालवला त्यो ह्याच्यापायी? थोरला तर म्हनला, त्यो रातचा गानी ऐकतो."

"तसं मी म्हणालो होतो."

ती उठली. खटका वर करायला तिने हात नेला आणि तो मध्येच थांबला. तिन्हीसांजेची लावलेली बत्ती तिच्याने मालववेना. मग मीच उठून खटका वर केला. ते केल्यावर तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ती पदराने डोळे टिपत घराकडे गेली, आणि ओट्यावरून थोरल्या लेकाला जे बोलायला लागली ते छपरापर्यंत ऐकू येत होतं.

सकाळी बैलगाडी जुंपली. मालकांची आई, मालक आणि मी. मोटार दारात तयार होती, बॅटरी भरलेली होती, पण ती चालवायला माणूस नव्हता. मालकांना चालवता येत नव्हती. मला मोटारीतल्या विजेचं सगळं कळत होतं आणि मोटार हाकता येत नव्हती. वेल्ह्याच्या रस्त्याने कोसभर आत त्याची वाडी.

तो खाचराचा ढासळलेला बांध घालत होता. दुसऱ्याच्या खाचराचा, मजुरीवर. आम्हाला बघून त्याने हात धुतले, आईच्या पाया पडला, आणि आम्ही उन्हात उभे म्हणून आंब्याखाली घोंगडं अंथरलं. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आई म्हणाली, "माज्या दिव्यापायी तुजं काम गेलं. आन तू बोलला न्हाईस."

"बोलून काय, आई."

मालक खाकरले. म्हणाले, "झालं गेलं. उद्यापासनं ये कामावर." त्यांच्या तोंडून एवढं निघालं हेही फार झालं.

तो येतो म्हणाला. लगेच म्हणाला. पोराबाळांचा बाप रुसून बसत नाही. मला मात्र राहवेना. मी त्याला जरा बाजूला घेतलं आणि म्हणालो, "अरे, तू मला तरी सांगायचं होतंस. मी काय वाघ होतो का?"

त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. आवाज जरासुद्धा चढवला नाही. "मालकाम्होरं त्यांच्या आईचं नाव कसं घेनार? तुमी येकटं इचारलं असतं, तर तुमाला सांगितलं असतं. तुमी बत्तीची तार तेवडी सोडवून येगळ्या सेलावर घेतली असती, काम झालं असतं. कुनाला कळलं बी नसतं." मग म्हणाला, "तुमी तीन खेपा आलात, मास्तर. तारंला इचारलंत, बॅटरीला इचारलंत. मला न्हाई इचारलंत."

मी शाळामास्तर. दिवसभर प्रश्न विचारणं हेच माझं काम. मोटारीशेजारी रोज झोपणारा, तिची प्रत्येक खरखर ओळखणारा माणूस माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, तीन वेळा, आणि मला तो फक्त गुन्हेगार म्हणून दिसला होता. उलट त्या शहाण्याला उपायसुद्धा माहीत होता. मी कपाळाला आलेला घाम पुसला आणि गाडीत जाऊन बसलो.

पुढच्या सुट्टीला मी पाने, तारा, विजेरीचे दोन नवे सेल आणि एक छोटा बल्ब पिशवीत भरून मार्गासनीला गेलो. न बोलावता गेलो. मनाशी ठरवलं होतं की आजींची बत्ती वेगळ्या सेलावर बसवून द्यायची, नीट, सुबक, म्हणजे माझ्या डोक्यावरचं ओझं थोडं उतरेल. ड्रायव्हर मोटार पुसत होता. छपराच्या खांबाला देवळीएवढी एक लाकडी पेटी ठोकलेली, आत विजेरीचा बल्ब, खाली सेल, वरून माझीच लाल काच. मोटारीच्या फळीवर खटका तेवढा राहिला होता. बत्तीच्या जागी भोक होतं, ते त्याने लाकडाच्या खुंटीने बुजवलं होतं.

"झालं की काम," तो म्हणाला.

"सांधे नीट बसलेत का, एकदा बघतो."

मी बॉनेटला हात लावायला पुढे झालो. त्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि तळहात बॉनेटवर ठेवला. जोर लावला नाही, नुसता ठेवला.

"नगं, मास्तर," तो म्हणाला. "तुमी ओट्यावर बसा. आईंनी च्या टाकलाय."

मी ओट्यावर जाऊन बसलो, चहा प्यालो आणि उन्हं कलायच्या आत परत निघालो. पुढची कितीतरी वर्षं मी त्या घरी जात होतो, तो तिथेच होता, माझ्याशी अदबीने बोलायचा, नसरापूरपर्यंत सोडायला यायचा. पण त्या मोटारीला त्याने मला पुन्हा कधी हात लावू दिला नाही.